अंगठीचा नंबर आणि माळेची लांबी: पहिल्यांदाच सोनं घेणाऱ्यांसाठी

व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न, लागलं की आमच्या गोव्यातल्या म्हापशाच्या दुकानात दोरे घेऊन येणारी माणसं सुरू होतात. कुणाचा दोरा पाकिटात घडी घालून ठेवलेला, कुणाचा रुमालाच्या टोकाला बांधलेला. गेल्या मोसमात असाच एक मुलगा आला. साखरपुडा आठ दिवसांवर. त्याने शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा काउंटरवर ठेवला, दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या. "ताई, हे तिच्या बोटाचं माप. शेटांना सांगा, ह्याच मापाची मुदी करायची." मुदी म्हणजे अंगठी.

मी दोरा पट्टीवर सैल ठेवला, ५१ मिलिमीटर भरला. मग दोन्ही टोकं धरून जरासा ताणला, तर ५४. "बाब, ह्यातलं तिचं बोट कुठलं?" तो बघतच राहिला. तीन मिलिमीटर म्हणजे तीन नंबर. एका नंबराची अंगठी बोटाच्या सांध्यावर अडली असती, तर दुसरी हात धुताना मोरीत गेली असती.

आमच्या घरात सोनारकाम आजोबांच्याही आधीपासून आहे. बाबा अजून पाटावर बसून काम करतात, मी पुढे काउंटर बघते. वर्षानुवर्षं तीच चूक बघून हे लिहायला घेतलं. माणसं डिझाइन ठरवायला महिना लावतात आणि माप मात्र दोन मिनिटांत उरकतात. पुढचं सगळं घरच्या घरी जमण्यासारखं आहे. एक पट्टी, एक कागद आणि थोडा धीर, एवढंच लागतं.

नंबर म्हणजे काय

आपल्याकडे अंगठीला १०, १२, १४ असे नंबर असतात. त्यामागचा हिशोब सोपा आहे. अंगठीचा आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि त्यातून ४० वजा करायचे. आतला घेर ५४ असेल तर नंबर १४. म्हणजे एका नंबराने घेर एक मिलिमीटर वाढतो. व्यास हवा असेल तर घेराला ३.१४ ने भागा. नेहमी लागणारे नंबर हे:

१० नंबर – घेर ५०, व्यास १५.९
१२ नंबर – घेर ५२, व्यास १६.६
१४ नंबर – घेर ५४, व्यास १७.२
१६ नंबर – घेर ५६, व्यास १७.८
१८ नंबर – घेर ५८, व्यास १८.५
२० नंबर – घेर ६०, व्यास १९.१
२२ नंबर – घेर ६२, व्यास १९.७

व्यासाचा रकाना नीट बघा. १२ आणि १८ मध्ये सहा नंबरांचं अंतर आहे, पण व्यासात दोन मिलिमीटरसुद्धा नाही. जुनी अंगठी पट्टीवर ठेवून "सतरा असेल साधारण" म्हणणाऱ्यांची गफलत इथेच होते. व्यास मोजताना एक मिलिमीटर चुकलात की तीन नंबर चुकलात. म्हणून जमेल तिथे घेर मोजावा, व्यास नव्हे.

बाहेरगावाहून अंगठी येणार असेल तर नंबरांची भाषा बदलते, आणि गोव्यात हे वरचेवर होतं. कुणाची बहीण लंडनला, कुणाचा भाऊ अमेरिकेत. आपला १२ म्हणजे अमेरिकेतला साधारण ६, आपला १४ म्हणजे तिथला ७. इंग्लंडमध्ये आकड्यांऐवजी अक्षरं असतात, तिथे आपला १४ साधारण 'एन'ला पडतो. पण हे जुळवत बसण्यापेक्षा "आतला घेर ५४ मिलिमीटर" असं सरळ कळवावं. आंतरराष्ट्रीय मानकातही आतला घेरच धरलेला आहे, त्यामुळे कुठल्याही देशातला सोनार ते समजतो. इथल्या इथेसुद्धा दोन दुकानांच्या मापांत एखाद्या नंबराचा फरक निघतो, म्हणून मिलिमीटरचा आकडा जवळ असलेला बरा.

बोट मोजायचं ते असं

दोरा नको. लोकर, सुतळी, रबर, काहीही ताणलं जाणारं नको. साध्या वहीचा कागद घ्या आणि पाचेक मिलिमीटर रुंद, बोटभर लांब पट्टी कापा. कडा सरळ हव्यात. पट्टी बोटाच्या मुळाशी, अंगठी जिथे बसते तिथे गुंडाळा. कागद कातडीला टेकला पाहिजे, रुतता कामा नये. एक टोक दुसऱ्यावर जिथे चढतं तिथे टोकदार पेन्सिलीने रेघ मारा, पट्टी उलगडा, मोजा. हे एकदाच करून थांबू नका. तीनदा करा, तीन वेगळ्या पट्ट्यांनी. ५३, ५४, ५४ आलं तर ५४ धरा. ५१, ५५, ५३ असं आलं तर हात स्थिर नव्हता, पुन्हा करा.

आता दुसरं माप, जे बहुतेक जण घेतच नाहीत. बोटाच्या मधल्या सांध्यावर, गाठीवर, तसंच मोजा. माझी आजी एकच वाक्य म्हणायची, "माप गांठीचें घे, बोटाचें न्हय." अंगठी मुळाशी राहते खरी, पण तिथवर पोचायला गाठीवरून जावं लागतं. दोन्ही मापांत एक-दोन मिलिमीटरचाच फरक असेल तर गाठीचं माप धरा. फरक तीन-चारचा असेल, म्हणजे गाठ जाड आणि मूळ बारीक असेल, तर मधला आकडा घ्या. अंगठी गाठीवरून किंचित फिरवत आत जावी आणि काढताना थोडी अडावी. सहज आत गेली आणि हात खाली सोडून झटकल्यावर गाठीपर्यंत घसरली, तर ती सैल आहे. काढल्यावर बोटाभोवती लाल वळ राहिला तर घट्ट आहे.

वय झालेल्या बायकांच्या बोटांच्या गाठी संधिवाताने जाड होतात. त्यांना अंगठी गाठीवरून जाते, पण मुळाशी गरगर फिरते आणि खडा तळहाताकडे वळतो. अशा वेळी नंबर कमी करायचा नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला, खाली, सोन्याचे दोन बारीक दाणे डाख देऊन, म्हणजे सांधून, बसवून घ्या. फिरणं थांबतं. काम अर्ध्या तासाचं आहे, पण बहुतेकांना ते माहीतच नसतं.

आणि मोजायचं तेच बोट, त्याच हाताचं. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा हात सहसा थोडा जाड असतो. डाव्या अनामिकेचं माप उजव्या अनामिकेला चालेल असं धरू नका.

मोजायचं कधी

ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या घरानेच ह्याची किंमत मोजली आहे.

माझा भाऊ बोटीवर कामाला आहे. त्याचा साखरपुडा ठरला तेव्हा तो सुट्टीवर आला होता, मे महिन्यात. दुपारी दोनच्या उकाड्यात त्याचं माप घेतलं. नुकताच बाजारातून चालत आला होता, बोटं टम्म होती. २१ नंबर आला, २१ ची अंगठी झाली. साखरपुड्याला ती छान बसली. पुढे जानेवारीत त्याची बोट उत्तरेकडच्या थंड समुद्रात होती. डेकवर हातमोजा काढताना अंगठी मोज्याबरोबर निघाली आणि गेली. त्याचा फोन आला तेव्हा बाबा बराच वेळ बोलले नाहीत. सोन्यापेक्षा त्यांना लागलं ते हे की माप आपल्याच दुकानात, आपल्याच हाताने चुकलं.

बोट हे दिवसभर एकाच जाडीचं नसतं. उकाड्यात, चालून आल्यावर, खारं सुकं (सुकी मासळी) जेवल्यावर, रात्रीच्या जागरणानंतर ते फुगतं. थंडीत, पहाटे, गार पाण्यातून बाहेर आल्यावर बारीक होतं. एक-दोन नंबरांचा फरक सहज पडतो. म्हणून आम्ही आता दोनदा मोजतो: एकदा सकाळी दहाच्या सुमाराला आणि एकदा संध्याकाळी, माणूस जरा बसून, पाणी पिऊन शांत झाल्यावर. फरक एकाच नंबराचा असेल तर संध्याकाळचं माप धरतो. दोनचा असेल तर मधलं. समुद्रावरून येऊन लगेच मोजू नका, ए.सी. गाडीतून उतरल्या उतरल्याही नको.

जे बोटीवर, आखातात किंवा विलायतेला जाणार आहेत त्यांनी हे आधीच सांगावं. थंड मुलखात राहणाऱ्याला आम्ही गोव्यातल्या मापापेक्षा एक नंबर कमी सुचवतो. आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत नवी अंगठी मापून घेऊच नये, तेव्हाची सूज बाळंतपणानंतर उतरते.

मिरामारला, कोलव्याला पोहायला उतरताना अंगठी घरी ठेवा. पाण्यात बोट आकसतं आणि वाळूत पडलेली अंगठी कुणालाच सापडत नाही.

न सांगता माप घ्यायचं असेल तर

त्या दोरावाल्या मुलाला मी हेच सांगितलं. ती त्याच बोटात घालते अशी एखादी अंगठी तिच्या बहिणीला गुपचूप आणायला सांग. ती आमच्याकडच्या निमुळत्या मापकाठीवर चढवली की जिथे थांबेल तो नंबर. अंगठी घराबाहेर काढता येत नसेल तर कागदाची घट्ट सुरळी करून अंगठीत घाला, आत सैल होऊ द्या म्हणजे ती आतल्या कडेला टेकेल, मग तिथेच चिकटपट्टी लावून सुरळी बाहेर काढा आणि घेऊन या. अंगठीभोवती पेन्सिल फिरवून आणलेलं चित्र मला फारसं पटत नाही, कारण पेन्सिलीच्या टोकाच्या जाडीनेच दोन नंबर जातात.

फोनच्या पडद्यावर अंगठी ठेवून मापणारी ॲप्स असतात, छापून घ्यायचे तक्तेही असतात. ते वापरायचे तर एक पडताळणी करा. कुठलंही एटीएम कार्ड ८५.६ मिलिमीटर लांब असतं, जगभर तेवढंच. छापलेल्या तक्त्यावरच्या पट्टीने कार्ड मोजून बघा. ८५.६ आलं नाही तर प्रिंटरने चित्र लहानमोठं केलं आहे, तो कागद फेकून द्या.

अंगठीची पट्टी रुंद असेल तर

दुकानातल्या मापाच्या रिंगा बारीक असतात. बारीक रिंग १८ ची बरोबर बसली म्हणून सहा-आठ मिलिमीटर रुंदीची पुरुषी अंगठी १८ ची घेतली तर ती आवळते, कारण ती बोटाचा जास्त भाग धरते. रुंद पट्टीला एक नंबर वाढवा, आठ मिलिमीटरच्या पुढे दोन. चांगल्या दुकानात रुंद रिंगांचा वेगळा जुडगा असतो, तो मागून घ्या. राशीच्या खड्याची अंगठी मागून उघडी ठेवतात, खडा कातडीला लागावा म्हणून. ती सैल असून चालत नाही. शिवाय ती बहुधा तर्जनीत किंवा मधल्या बोटात जाते, तेव्हा अनामिकेचं माप घेऊन येऊ नका.

नंतर लहानमोठी करता येते का

साधी २२ कॅरेटची अंगठी असेल तर हो. एखादा नंबर वाढवायचा असेल तर काठीवर ताणून होतो. त्याहून जास्त असेल तर पट्टी कापून सोन्याचा तुकडा घालावा लागतो. कमी करताना तुकडा काढतात. तो तुकडा तुमचा असतो, मागून घ्या किंवा वजनाने वळता करून घ्या. काम देताना आणि परत घेताना अंगठी तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा. ह्यात संकोच करण्यासारखं काही नाही, आम्ही स्वतःच ठेवतो.

पट्टीभर खडे असलेली अंगठी मात्र लहानमोठी होत नाही, एक नंबर हलवला तरी कोंदणं ढिली होतात. पोकळ अंगठी कापली की चेपते. टायटॅनियम आणि टंगस्टनच्या अंगठ्यांना सोनार हात लावत नाही. असलं काही घ्यायचं असेल तर माप पहिल्याच वेळी बरोबर हवं.

आणखी एक. आतल्या बाजूला हॉलमार्कची, म्हणजे शुद्धतेची, खूण आणि सहा अक्षर-अंकांचा एच.यू.आय.डी., म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक, असतो. १ एप्रिल २०२३ पासून ह्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. कापताना तो भाग वाचवायला आधीच सांगा.

गळ्याचं माप

अंगठीत मिलिमीटर बघायचा, माळेत जागा बघायची. गिऱ्हाईक "१८ इंची चेन द्या" म्हणतं तेव्हा मी विचारते, "ती कुठे पडायला हवी?" कारण १८ इंच हा चेनचा आकडा आहे, तुमच्या गळ्याचा नव्हे. बारीक मानेच्या मुलीला १८ इंच गळपट्टीच्या हाडाखाली येतात, तर जाड मानेच्या पुरुषाला तीच चेन गळ्याशी चिकटते.

टेप मानेच्या मुळाशी, सैलसर, एक बोट आत जाईल अशी धरून मोजा. येईल त्यात किमान दोन इंच मिळवा. मान १४ इंच असेल तर १६ च्या खाली चेन घेऊ नका. ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक ह्यांची गोष्ट वेगळी, त्या गळ्यालाच लागून बसायच्या असतात. ठुशीला मागे सरकत्या गाठीची दोरी आणि गोंडा असतो, म्हणून ती आईची मुलीला आणि मुलीची सुनेला होते. नवीन घेणाऱ्यांनी हा गोंडा काढून हूक लावायचा हट्ट करू नये असं मला मनापासून वाटतं.

लांब माळेसाठी घरी एक प्रयोग करा. जाड दोरा घ्या (इथे दोरा चालतो, एक-दोन मिलिमीटरने बिघडत नाही), त्याच्या मध्यावर एखादी किल्ली बांधा, म्हणजे पदकाचं वजन आलं. जो ब्लाउज किंवा ड्रेस घालणार तोच घालून आरशासमोर उभं राहा आणि दोरा मागून धरून वरखाली करा. ब्लाउजच्या गळ्याच्या काठावर पदक आलं तर अर्धं झाकतं, अर्धं वर येतं, वाईट दिसतं. काठाच्या दोन बोटं वर किंवा दोन बोटं खाली हवं. जागा ठरली की दोरा चिमटीत पकडून काढा आणि मोजा. किल्लीखाली जेवढं लोंबत होतं ते ह्यात धरू नका. चेनची लांबी हुकासकट मोजतात, पण पदक, वाट्या किंवा लॉकेट त्यात नसतं, ते वेगळं खाली येतं.

मण्यांची आणि मोत्यांची माळ घेताना आणखी एक हिशोब आहे. मणी जाड असले की आतला घेर कमी होतो. ८ मिलिमीटर मोत्यांची १८ इंची माळ गळ्यात सुमारे १७ इंचांसारखी बसते, म्हणून एक इंच जास्त सांगा.

लग्नात तीन-चार माळा एकावर एक घालायच्या असतील तर दोन माळांत दोन ते तीन इंचांचं अंतर ठेवा. ठुशी गळ्याशी, तन्मणी त्याखाली, मग मोहनमाळ, सर्वांत खाली लक्ष्मीहार किंवा राणीहार. अंतर कमी पडलं की फोटो काढेपर्यंत सगळ्या एकमेकींत अडकतात आणि नवरीची आत्या पिन घेऊन मागे उभी राहते.

मंगळसूत्राबद्दल माझं स्पष्ट मत आहे. रोजचं आखूड असावं, १८ ते २० इंचांचं, आणि सणाचं लांब, २४ ते ३०. आदोळीवर (विळीवर) नारळ खवायला बसल्यावर लांब मंगळसूत्र पुढे झुलतं आणि वाट्या पात्यावर आपटतात. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वाट्यांवर तेच आडवे चरे असतात. चुलीवर वाकताना तर धोकाच. लहान बाळ असेल तर त्याची मूठ पहिली तिथेच जाते. स्कूटर चालवणाऱ्या मुलींनी आखूड चेन हेल्मेटच्या पट्ट्यात अडकत नाही ना, हेही दुकानातच बघावं.

लांबीबरोबर वजन वाढतं हे विसरू नका. १८ इंचांची चेन ९ ग्रॅमची असेल तर इंचाला अर्धा ग्रॅम. तीच २२ इंच हवी तर ११ ग्रॅम, वर घडणावळ. इथे माणसं म्हणतात, "वजन तेवढंच ठेवा, लांबी वाढवा." होतं, पण चेन बारीक होते आणि पहिल्यांदा कडीजवळ तुटते. बजेट ठरलेलं असेल तर दोन इंच आखूड घ्या, पण कड्या जाड ठेवा. आणि मागे १६ व्या आणि १८ व्या इंचाला अशा दोन कड्या लावून मागा, एकच चेन दोन लांब्यांची होते.

बांगडीचं थोडक्यात

विचारलं जातं म्हणून लिहिते. बांगडीच्या २.४, २.६ मधला टिंब दशांशाचा नाही. ते आतल्या व्यासाचे इंच आणि इंचाचे सोळावे भाग आहेत. २.४ म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन, ५७ मिलिमीटर. २.८ म्हणजे अडीच इंच, साडेत्रेसष्ट मिलिमीटर. कांकणकार (बांगड्या भरणारा) हात दाबून बघूनच माप ओळखतो, पण सोन्याच्या पाटल्यांना तशी लवचीकता नसते. अंगठा तळहाताच्या आत घेऊन, मुठीच्या सर्वांत रुंद भागावर बसणारी जुनी बांगडी सोबत आणा.

अंगठी अडकली तर

ओढू नका. हात दोन मिनिटं डोक्याच्या वर धरा, बोट गार पाण्यात बुडवा, साबण किंवा खोबरेल लावा आणि अंगठी फिरवत फिरवत काढा. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं तर थांबायचं नाही, सरळ दवाखान्यात जा. जवळ सोनार असेल तर तो कापून देतो. कापलेली अंगठी एका दिवसात पुन्हा जोडता येते.

माप झालं की एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आत चिकटवा: कुणाचं, कुठल्या हाताचं कुठलं बोट, घेर किती, कुठल्या महिन्यात घेतलं. मानेचं माप आणि बांगडीचा नंबरही त्याखाली. तो मुलगा परवा बायकोला घेऊन आला होता, लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) तिच्या आईला अंगठी घ्यायची होती. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर लिहिलं होतं: सासूबाई, उजवी अनामिका, गाठ ५८, मूळ ५५, सकाळी.

मी विचारलं, "आणि संध्याकाळी?"

"ते आज घेतो," म्हणाला.